तिसरा ब्रेक

ओतारी आणि मी एकाच कारखान्यात होतो. मी भट्टीवर, तो साच्यांवर. लोखंड वितळवायचं काम माझं, त्याला आकार द्यायचं त्याचं. ओली वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, तो गोळा मधोमध मोडायचा. कड स्वच्छ आली तर वाळू पेटीत भरायची, नाहीतर पुन्हा मळायची. हे त्यानं उभं आयुष्य केलं. हाताला इतकी सवय झाली होती की जेवतानाही घास आधी बोटांनी दाबून बघायचा. बायको म्हणायची, "अहो, जेवण आहे ते, वाळू नव्हे." त्याला नाव होतं, पण हाक सगळे 'ओतारी' अशीच मारायचे. मला तो 'भट्टीवाला' म्हणायचा.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सायकली घेऊन डोंगरात जायचो. डांबरी रस्ता त्याला चालत नसे. "डांबर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," असं त्याचं म्हणणं. शहराच्या कडेला लाकडाची वखार आहे, तिथे डांबर संपतं आणि बारीक खडीचा रस्ता रानात शिरतो. पुढे एकामागे एक तीन जुनी गावं. पहिल्यात ओढ्यावर दगडी कमानीचा पूल, म्हणून ते पुलाचं गाव. त्याच्या वर मनोऱ्याचं गाव. मनोरा पडायला झालाय, पण गावातल्या उरलेल्या घरांपेक्षा तोच जास्त उभा आहे. सगळ्यात वर वेशीचं गाव. तिथे दगडी वेस आहे, वेशीतून आत जाणारी फरसबंद गल्ली आहे आणि माणसं जवळजवळ नाहीत. नकाशावर या गावांना नावं आहेत. आम्हाला त्यांची गरज पडली नाही.

त्या रस्त्यावर जायचं तर कष्ट नीट करावे लागतात. चढावर बोलायचं नाही. बोलण्याइतका श्वास शिल्लक असेल तर पाय कामचुकारपणा करतायत असं समजायचं. टायरात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे चाक खडीला धरून राहतं. चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि मेहनत मातीत जाते. बसून, एकसारखा जोर लावायचा. ओताऱ्याला हे सांगावं लागलं नाही. तो साचा भरायचा तसाच चढायचा, घाई नाही आणि थांबणंही नाही.

मग त्याचे डोळे गेले. एका दिवसात नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढंच, आणि शेवटी नळीही बुजली. डॉक्टर म्हणाले, रक्तातलंच आहे, उपाय नाही. कारखान्यानं त्याला घरी पाठवलं. घरी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. खिडकीचा त्याला काही उपयोग नव्हता, पण खुर्ची तिथेच होती.

मी भेटायला गेलो की वहिनी स्वयंपाकघरात बोलवायच्या. "भावजी, हे असेच बसून राहिले तर खुर्चीला मुळं फुटतील."

वहिनी मोठ्या धुलाईखान्यात कामाला होत्या. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तापलेल्या रुळांतून काढायच्या आणि दोघींनी ओढून घड्या घालायच्या. ओल्या चादरीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच कळेल. त्यांचे खांदे आमच्यातल्या काही पुरुषांपेक्षा रुंद होते. सायकल मात्र त्यांनी लग्नाआधी सोडली होती.

जोडसायकल वहिनींनीच शोधली. एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पडून होती. रंग उडालेला, पण सांगाडा सरळ आणि चाकं दणकट. दोन सीट, दोन हँडल, पॅडलच्या दोन जोड्या. पुढचा माणूस हँडल वळवतो, मागचा नुसता जोर लावतो. ब्रेक तीन. दोन पुढच्याच्या हाताखाली. तिसरा मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलेला आणि त्याची मूठ मागच्या हँडलवर. लांब उतारावर पुढचे दोन ब्रेक सारखे दाबून चालत नाही, चाकांच्या कडा तापतात. तेव्हा तिसरा ब्रेक धरून वेग बांधून ठेवायचा आणि पुढच्यानं आपले दोन वळणापुरते वापरायचे. म्हणजे उतारावर सायकल आवरायचं निम्मं काम आंधळ्या माणसाच्या हातात.

वहिनी वखारीपुढच्या मोकळ्या जागेत शिकल्या. पहिल्या काही दिवसांत दोघं इतक्या वेळा पडले की वखारवाल्यानं भुशाची पोती आणून टाकली. ओतारी मागून सतत सांगायचा, असं कर, तसं कर. वहिनी एकदा थांबल्याच. म्हणाल्या, "मागे नवरा बसवणं नि मागे पोतं बांधणं सारखंच. फरक एवढाच, पोतं तोंड उघडत नाही."

"पोतं पॅडल मारत नाही," ओतारी म्हणाला.

"म्हणून तर पोतं परवडतं."

त्यानंतर तो बोलायचा थांबला आणि वहिनी बोलायला लागल्या. मागच्याला दिसत नाही, म्हणून रस्ता बोलून दाखवावा लागायचा. डावं. उजवं. खड्डा. सैल खडी. गिअर. आणि तिसऱ्या ब्रेकचे दोन शब्द, 'धर' आणि 'सोड'. नियम ओताऱ्यानंच घातला. पुढून शब्द आला की हात हलला पाहिजे, विचार करायचा नाही. ओतकामात तसंच असतं. लोखंड ओतायला लागल्यावर 'का' विचारणाऱ्याचा हात जळतो.

आणखी एक गोष्ट झाली. घरात वहिनी त्याला 'अहो' म्हणायच्या. चहा घ्या, दार लावा, औषध घेतलंत का. सायकलवर ते जमेना. 'अहो, जरा धरा' म्हणेपर्यंत वळण मागे पडायचं. म्हणून सायकलवर 'तू'. उतरल्यावर पुन्हा 'अहो'. सुरुवातीला वहिनी लाजायच्या. वखारीशी सायकल भिंतीला टेकवली की लगेच "अहो, पाणी हवंय का?" आणि ओतारी हसायचा. "घरी नवरा, रस्त्यावर गडी," असं मला सांगायचा. त्याला ते 'तू' आवडायचं. लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. त्याहून जास्त बरी होती असं म्हणणार नाही, कारण वर जायचं ते मेहनतीनं आणि खाली यायचं ते जपून. पण ओतारी खुर्चीतून उठला होता. खडीचा आवाज बदलला की तो सांगायचा, पूल आला, आता सुयांसारख्या पानांचं रान लागलं, आता फरसबंदी. वेशीच्या गावात पाण्याच्या दगडी कुंडीच्या काठावर बसून आम्ही उकडलेली अंडी खायचो. तो भिंतीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "हा दगड घडवणाऱ्यानं घाई केली." खरंखोटं त्यालाच माहीत. तिथे त्याला उलट बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

मग वहिनींचा गुडघा धरायला लागला. वर्षानुवर्षं ओल्या फरशीवर उभं राहून काम केलेलं. जोडसायकलवर पुढच्याला अंगाचा तोल, हँडल, रस्ता आणि बोलणं एवढं सगळं सांभाळावं लागतं. वहिनी बोलून दाखवत नव्हत्या, पण चढावर त्यांचा उजवा पाय जोर चोरायला लागला. मागच्याला ते पॅडलमधून कळतं. दोघांची चेन एकच.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात, बरीच लांब. ते शहर सपाट आहे. ती उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. ती फोनवर सारखी म्हणायची, दोघं इकडेच या. आईचा गुडघा, बाबांचे डोळे, उद्या काही झालं तर मी कुठे कुठे धावू? ती चुकीचं बोलत नव्हती. ओतारी म्हणायचा, "तिथे चढ एकच. तोही लिफ्ट चढते." तो जाणार नव्हता. पण तो एकटा राहू शकत नव्हता, तेव्हा प्रश्न वहिनींचा होता. वहिनी सायकल चालवतायत तोवर ते इथे. त्या उतरल्या की दोघं तिथे. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एकदा लेकीनं सांगितलं की शेजारची जागा रिकामी होतेय, भाड्यानं घ्यायची तर आजच सांगायला हवं. तो सुट्टीचा दिवस होता. आम्ही ठरल्याप्रमाणे वेशीच्या गावाला निघालो.

मनोऱ्याच्या गावापुढे तीव्र चढ आहे. तिथे वहिनी उतरल्या. आजवर कधी उतरल्या नव्हत्या. ओतारीही उतरला. जोडसायकल ढकलणं हे चालवण्यापेक्षा जड काम. दोन्ही बाजूंनी धरावं लागतं आणि खडीवर पाय घसरतात. तिघांनी मिळून ती वर नेली. कुणी एक शब्द काढला नाही. श्वास लागला होता म्हणून नव्हे.

कुंडीवर बसलो. वहिनी पाणी भरायला पलीकडे गेल्या तेव्हा ओतारी हळूच म्हणाला, "भट्टीवाल्या, ही जायचं म्हणते का रे?"

"मला काही बोलल्या नाहीत."

"तुझ्याशी बोलली तर तू सांगशील?"

"तूच विचार त्यांना."

"विचारायची भीती वाटते. ती खरं बोलते."

तेवढ्यात वहिनी आल्या. "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"म्हटलं, अंडी कच्ची राहिली," ओतारी म्हणाला.

"हो का? मग सालं कशाला चाटताय?"

खाणं झाल्यावर परत निघालो. वेशीच्या गावाखालचा उतार लांब आहे. एका बाजूला डोंगराची कापलेली कड, दुसऱ्या बाजूला रान खोल उतरत जातं. वळणं ओळीनं येतात आणि दर वळणाच्या आतल्या अंगाला सैल खडी गोळा झालेली असते. मी मागे होतो, धूळ चुकवण्यापुरता बाजूला. त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"धर. डावं. सोड. सरळ. धर. खड्डा. उजवं. धरूनच ठेव."

सगळं नीट चाललं होतं. मग ओतारी बोलला. दुसरा एक नियमही त्यानंच केला होता, की सायकलवर रस्त्याशिवाय बोलायचं नाही. तोच बोलला.

"तुला लेकीकडे जायचंय ना? खरं सांग."

"धर," वहिनी म्हणाल्या. पुढे वळण दिसत होतं.

"धरलंय. बोल की. हो तर हो म्हण."

"आत्ता नको रे."

"मग कधी? घरी पोचल्यावर फोनच येणार. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"सोड ना!"

आणि त्यानं ब्रेक सोडला.

घरात असत्या तर त्या 'सोडा ना' म्हणाल्या असत्या. मग त्याला कळलं असतं की हे बायको बोलतेय, विषय सोडा म्हणतेय. पण त्या सायकलवर होत्या आणि सायकलवर तो 'तू' होता. त्याच्या हाताला 'सोड' एवढंच कळलं. पुढचा 'ना' ऐकायला वेळ लागतो, आणि त्यानं हाताला वेळ न घ्यायला शिकवलं होतं.

दोघांच्या वजनाची सायकल एकदम सुटली. वहिनींनी पुढचे दोन्ही ब्रेक दाबले. सैल खडीवर पुढचं चाक आडवं झालं. त्या डाव्या खांद्यावर पडल्या आणि ओतारी त्यांच्या अंगावर. सायकल दोघांना घेऊन कडेच्या दगडापर्यंत घसरली आणि तिथे अडली. दगड नसता तर हे लिहायला काही उरलं नसतं.

मी पुलाच्या गावात जाऊन गाडी आणली. मला याहून लवकर जाता आलं नसतं. परत आलो तेव्हा ओतारी रस्त्यावर मांडी घालून बसला होता आणि वहिनींचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो त्यांच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत होता, कुठे काय मोडलंय ते शोधत. वहिनी म्हणत होत्या, "अहो, डोळ्यात बोट जातंय."

गळ्याजवळचं हाड आणि डावं मनगट. हाड जुळलं. मनगट वाकडं जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं, या हातावर भार टाकायचा नाही, आता कधीच. ओताऱ्याचं कोपर खरचटलं होतं. परिचारिकेनं पट्टी लावली, तीही दुसऱ्या दिवशी गळून पडली. त्याला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "पोतं माणसावर पडलं तर पोत्याला काय होतंय?" तो हसेल म्हणून म्हणाल्या होत्या. तो उठून बाहेर गेला आणि दवाखान्याच्या बोळात भिंतीला हात लावून उभा राहिला.

घरी आल्यावर दोघांनी भांडायला हवं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. वहिनी म्हणायच्या, चूक माझी, तो शब्द मी वापरायलाच नको होता. तो म्हणायचा, चूक माझी, मी घरचं बोलणं रस्त्यावर काढलं. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे कुणाचंच मिटलं नाही. वहिनींनी तो शब्द घरातून काढून टाकला. 'नळ सोडा' ऐवजी 'नळ चालू करा'. केस मोकळे करायचे, सोडायचे नाहीत. मला बसपर्यंत 'पोचवा' म्हणायच्या. ओताऱ्याला हे ऐकू येत होतं. आंधळ्या माणसाला एवढं तर ऐकू येतंच.

एकदा तो मला म्हणाला, "तू पुढे बस."

मी बसलो. वखारीपासून पुलाच्या गावापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे. सपाटीवर जमलं. पण मला बोलता येत नव्हतं. मी खड्डा बघायचो, चुकवायचो आणि मग 'खड्डा' म्हणायचो. मागच्याला ते काय कामाचं? शिवाय पहिल्या चढाला त्यानं असा जोर लावला की पुढचं हँडल मला आवरेना. बरेच दिवस बसून राहिलेल्या माणसाचा जोर होता तो, आणि माझे हात आता म्हातारे आहेत. सायकल एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, मग मी पाय टेकले.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा पाय टेकले.

"जोर कमी लाव," मी म्हणालो.

त्यानं कमी लावला, तेव्हा चढच चढेना. मधलं काही सापडलं नाही. वहिनी आणि तो, दोघांना ते सापडायला किती पडणं लागलं होतं ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तेवढं पडायला आता आम्हा दोघांची हाडं पुरणार नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझं काही चुकत नाहीये."

आम्ही सायकल ढकलत परत आणली.

लेक येऊन सामान बांधून घेऊन गेली. चांगली मुलगी आहे. तिनं घाई केली नाही, आवाज चढवला नाही, खिडकीजवळची खुर्चीसुद्धा गाडीत घातली. जोडसायकल न्यायला तिच्याकडे जागा नव्हती. ती वखारवाल्याच्या छपराखाली आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, कुणी न्यायला आलं तर देईन. दोन माणसं लागतात, म्हणून कुणी नेत नाही.

जाताना ओतारी मला एवढंच म्हणाला, "तू जात राहा. रस्त्याचं कळवत जा. सगळं सांग, वगळू नकोस."

मी कबूल केलं आणि पाळलं. परवाही एकटा वर गेलो. मनोऱ्यापुढच्या चढाला उतरावं लागलं, पण गेलो. जाताना सगळं नीट बघितलं. कुठे पाण्यानं कड खाल्लीय, कुठे नवी खडी टाकलीय आणि ती अजून दबली नाही. वेशीची वरची शिळा सरकलीय, आता तिथून कुणी जाऊ नये म्हणून कुणीतरी दोर बांधलाय. कुंडी कोरडी आहे. दगडाच्या वळणाला थांबलो. तिथे आता खडी बसलीय, पण आतल्या अंगाला अजून सैलच आहे. घरी येऊन हात धुतले आणि फोन लावला.

फोन लेकीनं उचलला. "थांबा हं काका, देते. बाबा, भट्टीवाले काका."

मी सांगायला सुरुवात केली. वखारीपासून. क्रमानं. काही वगळलं नाही. ओताऱ्याला मधे विचारायची सवय. खडी गोल की धारदार, चाक कुठे बसलं, आवाज कसा येतो. आधीच्या काही फोनांवर तसं विचारलंही होतं. या खेपेला तो मधे बोलला नाही. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतोय. पुलाचं गाव सांगून झालं, मनोऱ्याचं झालं, वेशीची शिळा सांगितली. पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी आवाज कमी केला, मग पुन्हा वाढवला.

"ऐकतोयस ना?" मी विचारलं.

"हो हो."

मी दगडाच्या वळणापर्यंत आलो होतो. तिथे थांबलो.

 मग, लांबचे पाहुणे फोनवर विचारतात तशा आवाजात, त्यानं विचारलं, "बाकी? हवापाणी ठीक ना तिकडे?"

"ठीक आहे," मी म्हणालो.